थायरॉइडची सकाळची गोळी वारंवार राहून जाते, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, सकाळच्या शाळेत शिक्षिका. सहा वर्षांपासून थायरॉइडची ७५ची गोळी चालू आहे. आठवड्यातून दोन-तीनदा ती राहून जाते. गेल्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) ९.८ आला, म्हणून डॉक्टरांनी या आठवड्यात डोस १००चा केला. गोळ्या राहतात हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही. मोबाइलवर अलार्म लावून पाहिला, त्याचाही उपयोग झाला नाही. विसरू नये म्हणून काय करावं आणि राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडीने घेतली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, विसरणं कसं थांबवायचं ते पुढे सविस्तर लिहिते. पण त्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि आठवड्याला दोन-तीन गोळ्या राहतात हे स्पष्ट सांगा. घाई का, ते आकड्यांत बघा. ७५ची गोळी सातही दिवस घेतली तर आठवड्याला ५२५ मायक्रोग्रॅम औषध पोटात जातं. तुमच्या दोन-तीन गोळ्या राहतात, म्हणजे प्रत्यक्षात ३०० ते ३७५च जात होतं. टीएसएच वाढला तो यामुळेच असण्याची शक्यता मोठी आहे. आता हातात १००ची गोळी आली आहे. समजा उद्यापासून तुम्ही ती एकही दिवस न चुकवता घेऊ लागलात, तर आठवड्याला ७०० मायक्रोग्रॅम होतील. शरीराला आजवर मिळत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. थोड्या आठवड्यांत छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणं, घाम आणि चिडचिड सुरू होऊ शकते. असा जास्तीचा डोस बरेच महिने चालला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि, विशेषतः पाळी गेल्यावर, हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. हे ऐकल्यावर तुमचे डॉक्टर कदाचित ७५वरच ठेवतील आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतील. निर्णय त्यांचा, पण खरी माहिती त्यांच्यापर्यंत पोचायला हवी.

डॉक्टर रागावतील या भीतीने ही गोष्ट लपवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. "गोळी नियमित घेता ना?" असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक पेशंट "हो" म्हणतो. म्हणून मी प्रश्न बदलून विचारते, "गेल्या आठवड्यात किती राहिल्या?" मग थोडं हसून उत्तर येतं, "दोन असतील. नाही, तीन." गोळ्यांची बाटलीही मी सोबत आणायला सांगते. आपल्याकडे या गोळ्या बहुधा बाटलीत मिळतात. झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवायची, एवढी एकच सवय लावली तरी हिशेब समोर राहतो. चार महिन्यांत संपायला हवी असलेली १२० गोळ्यांची बाटली सहाव्या महिन्यातही टेबलावर खुळखुळली की डोस वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून आम्ही सकाळच्या वेळापत्रकावर बोलतो.

रक्ताच्या रिपोर्टमध्येही याची एक खूण दिसते. टी४, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक, व्यवस्थित, कधी वरच्या टोकाला, आणि टीएसएच मात्र वाढलेला. तपासणी जवळ आली म्हणून शेवटचे आठ-दहा दिवस गोळ्या इमानेइतबारे घेतल्या की बहुधा असं होतं. टी४ काही दिवसांत वर येतो, टीएसएच खाली यायला मात्र काही आठवडे लागतात. त्यामुळे टेस्टच्या तोंडावर नियमित होऊन काहीच साधत नाही, उलट वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

आता मुळाकडे येऊ. गोळी विसरते म्हणजे आपलीच स्मरणशक्ती कमजोर, असं तुम्हाला वाटतं आहे. मला तसं वाटत नाही. तुम्ही चाळीस मुलांची नावं, परीक्षांच्या तारखा आणि घरातल्या सगळ्यांच्या डब्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवता. ही एकच गोळी सुटते, त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण औषधाच्या स्वभावातच आहे. या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे आपल्या ग्रंथीत तयार होणारं टी४ हेच संप्रेरक, कारखान्यात बनवलेलं. ते शरीरात फार सावकाश खर्च होतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं समजा. एक दिवस पाणी चढवलं नाही तरी नळ चालूच राहतो. म्हणून सोमवारची गोळी राहिली तरी मंगळवार नेहमीसारखाच जातो. गोळी चुकल्याचं शरीर त्या दिवशी सांगत नाही. सांगतं ते तीन-चार आठवड्यांनी, तेही भलत्याच भाषेत. जिना चढताना पाय जड होतात, कंगव्यात केस जास्त येतात, पोट साफ होत नाही, पाळीत रक्तस्राव वाढतो, दुपारी डोळे मिटायला लागतात. तोपर्यंत त्याचा संबंध महिन्यापूर्वी राहिलेल्या गोळ्यांशी कोणी जोडत नाही. वय झालं, दगदग झाली, एवढंच म्हटलं जातं. त्यातून थायरॉइड कमी असलं की लक्ष न लागणं आणि विसरणं ही स्वतंत्र लक्षणंच आहेत. गोळी राहते म्हणून विसरायला होतं, आणि विसरायला होतं म्हणून गोळी राहते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि ते आम्हा डॉक्टरांच्या सूचनेतूनच तयार होतं. "सकाळी उपाशीपोटी घ्या, त्यानंतर तासभर काही खाऊ-पिऊ नका." नियम बरोबर आहे. उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेतली तर या औषधाचा ७० ते ८० टक्के भाग आतड्यातून शोषला जातो आणि अन्नाबरोबर तो कमी होतो. पण हा नियम तुमच्या सकाळीत कुठे बसतो ते बघा. पाचला उठायचं, नळाला पाणी असतं तेवढ्यात भरायचं, दूध तापवायचं, एका शेगडीवर चहा आणि दुसरीवर भाजी, कणीक मळायची, दोन डबे भरायचे आणि साडेसहाला घराबाहेर. या धांदलीत गोळीची बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळींच्या डब्यांशेजारी. ती दिसते तेव्हा चहाचा पहिला घोट होऊन गेलेला असतो. मग मनात येतं, चहा झाला, आता घेऊन उपयोग नाही, नंतर बघू. शाळेतून आल्यावर जेवण होतं. मग, आता उद्याच.

म्हणजे गोळी आठवली होती. नियम मोडला म्हणून ती त्या दिवसापुरती सोडून दिली गेली. माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार बायकांच्या राहिलेल्या गोळ्यांत अशा सोडलेल्या गोळ्या फार असतात. म्हणून हे अगदी ठळकपणे सांगते: चहा झाला म्हणून गोळी बाद होत नाही. दुधाच्या चहाबरोबर शोषण कमी होतं, थांबत नाही. अर्ध्या-पाऊण गोळीचा फायदा मिळणं हे काहीच न मिळण्यापेक्षा कितीतरी चांगलं. अधूनमधून असं झालं तर त्यात काही बिघडत नाही, रोजची सवय मात्र तशी करू नये.

आता उपाय. तुमच्यासाठी मी गोळी स्वयंपाकघरातून काढून उशाशी आणीन. रात्री झोपताना उशाशी तांब्या-भांडं ठेवण्याची पद्धत आपल्या घरांत होतीच, तीच पुन्हा सुरू करा. तांब्याशेजारी गोळ्यांची डबी. पाचचा गजर झाला की अंथरुणात उठून बसायचं, गोळी तोंडात, वर भांडंभर साधं पाणी, आणि मग पाय जमिनीला लावायचे. त्यानंतर तोंड धुणं, पाणी भरणं, आंघोळ, देवापुढे दिवा, या सगळ्यात अर्धा-पाऊण तास आपोआप जातो. चहा पावणेसहाला होईल. घड्याळ न बघता नियम पाळला गेला. पाऊण तास ते तास मिळाला तर उत्तम, किमान अर्धा तास हवाच.

यात एक मेख रविवारची आहे. सुट्टीच्या दिवशी गजर नसतो, उठणं उशिरा होतं आणि उठल्या उठल्या कोणीतरी चहाचा कप हातात देतं. राहिलेल्या गोळ्यांची खूण ज्यांनी कॅलेंडरवर केली, त्यांच्या खुणा शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात दाट झालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून गोळीची गाठ गजराशी बांधू नका, "अंथरुणात उठून बसणं" या कृतीशी बांधा. ती कृती रविवारीही होते, माहेरी गेल्यावरही होते.

तुमचा अलार्म का फसला, तेही यातच आहे. तो साडेपाचला वाजत असणार, तेव्हा तुमचे हात कणकेत. मोबाइल बाहेरच्या खोलीत. धावत जाऊन बंद करायचा, तेवढ्यात कुकरची शिट्टी. अलार्म उपयोगी पडतो तो वाजताना गोळी आणि पाणी दोन्ही हाताच्या अंतरावर असतील तरच. आणि गोळी गिळून झाल्याशिवाय तो बंद करायचा नाही, हा नियम स्वतःला घालून घ्यायचा. पाच मिनिटांनी पुन्हा वाजवण्याची सोय या गोळीसाठी वापरूच नका.

उशाशी गोळ्या ठेवताना घरात लहान मूल असेल तर मात्र जागा बदला. ही गोळी छोटी असते, काही डोस रंगीत असतात, मुलांना ती गोड गोळीसारखी वाटू शकते. अशा घरात उंच कपाटात, पण झोपण्याच्या खोलीतच ठेवा. औषधाला दमट हवा, उष्णता आणि ऊन सोसत नाही, त्यामुळे न्हाणीघरातलं आरशाचं कपाट, गॅसच्या वरची फळी आणि खिडकीचा कठडा या तिन्ही जागा वाईट. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तीच हवा या गोळ्यांनाही लागते. मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा, आत ओलावा शोषणारी पुडी असेल तर ती फेकू नका.

पुढची अडचण याच्या उलटी. सवय लागली की गोळी घेतल्याची आठवणच राहत नाही. तोंड धुताना मनात येतं, घेतली का मी आज? कोणी शंका नको म्हणून दुसरी घेतं, कोणी घेतलीच असेल म्हणून सोडून देतं. याला सात खणांची डबी हा सगळ्यात साधा उपाय. औषधाच्या दुकानात मिळते, महाग नसते, प्रत्येक खणावर वार लिहिलेला असतो. रविवारी रात्री भरायची. बुधवारचा खण रिकामा म्हणजे बुधवारची घेतली, वाद संपला. त्यात आठवड्यापेक्षा जास्त गोळ्या भरू नका, बाकीच्या बाटलीतच राहू द्या. डबी नको असेल तर गोळी घेतली की बाटली उलटी ठेवायची आणि रात्री झोपताना सुलटी करायची. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज बरोबरची खूण करणाऱ्या आजीही मला माहीत आहेत. त्यांनी पेन दोरीने खिळ्याला बांधून ठेवलं होतं, कारण पेन शोधायला गेलं की खूण राहते. कुठलीही एक पद्धत घ्या, दोन-तीन एकदम सुरू करू नका.

उशाशी गोळी ठेवूनही सकाळ जमलीच नाही तर रात्रीचा पर्याय खुला आहे, हे फार जणांना माहीत नसतं. नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याच पेशंटना काही महिने सकाळी आणि काही महिने झोपताना गोळी दिली होती. झोपतानाच्या गोळीने टीएसएच थोडा जास्तच सुधारला. अट एकच, शेवटच्या खाण्यानंतर तीन तास झालेले हवेत. इथे आपल्याकडे घोडं अडतं. सव्वानऊला जेवून साडेदहाला झोपणाऱ्या घरात हे बसत नाही, आणि जेवणानंतर हळदीचं दूध असेल तर मुळीच नाही. पण संध्याकाळी सातला जेवून दहाला आडवे होणाऱ्या निवृत्त मंडळींना रात्रीची वेळ उत्तम मानवते. आणखी एक वेळ आहे. कित्येकांना पहाटे तीन-चारला लघवीला उठावं लागतं. त्या वेळी पोट रिकामं असतं, पुढे दोन तास खाणंही नसतं. फक्त अंधारात बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिथे एकच गोळी, एका वेगळ्या वाटीत काढून ठेवायची. वेळ बदलायची झाली तर डॉक्टरांना कळवा, आणि एकदा ठरवली की तीच ठेवा. आज सकाळी, उद्या रात्री असं चालवलं की टीएसएच हेलकावे खातो.

तुमच्या वयाच्या बायकांना बहुधा कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्याही चालू असतात. या दोन्ही थायरॉइडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, शोषू देत नाहीत. मध्ये चार तासांचं अंतर हवं. सकाळी थायरॉइड, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम किंवा लोह, एवढं केलं की पुरतं. थायरॉइडची गोळी रात्री घेणाऱ्यांनी रात्रीचं कॅल्शियम दुपारी हलवायचं. ॲसिडिटीची गोळी महिनोन्महिने चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी कमी विरघळते. सोयाबीनचे पदार्थ आणि सकाळची कडक कॉफी गोळीला लागून नको. लिंबू-मध पाणी, मेथीचं पाणी, काढे वगैरे जे काही पहाटे घेता, ते सगळं गोळीनंतर तासाभराने. अश्वगंधा घेत असाल तर आवर्जून सांगा, तिने थायरॉइडची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत.

आता राहिलेल्या गोळीचा प्रश्न. त्याच दिवशी आठवलं तर त्याच दिवशी घ्या. शाळेतून आल्यावर, जेवणाला अजून तासभर असेल आणि आधीच्या खाण्याला दोन-तीन तास झाले असतील, तर ती चांगली वेळ. तशी वेळ मिळालीच नाही तर रात्री झोपताना घ्या. पूर्ण दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, तर त्या दिवशीची एकच घ्या. औषधासोबतच्या माहितीपत्रकातही दुप्पट डोस घेऊ नये असंच लिहिलेलं असतं. हे औषध शरीरात आठवडाभर टिकतं, त्यामुळे हृदय ठणठणीत असलेल्या तरुण पेशंटला राहिलेली गोळी भरून काढायची परवानगी काही डॉक्टर देतात, आणि ते शास्त्राला धरूनही आहे. पण ती परवानगी तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला बघून द्यायची असते. साठीच्या पुढचे, छातीत दुखण्याचा किंवा ठोक्यांचा त्रास असलेले, अँजिओप्लास्टी झालेले, यांनी दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. आणि तुमच्यासारखी आठवड्याला तीन राहत असतील तर भरपाई हा मार्गच नव्हे.

काही जण विचारतात, मग आठवड्याची एकदमच का घेऊ नये? काहीही केलं तरी रोज जमत नाही अशा निवडक पेशंटना, हृदय तपासून, आठवड्याचा डोस एकदाच, बहुधा कोणाच्या तरी देखत दिला जातो. हा तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा उपाय आहे. घरी स्वतःच्या मनाने तो करू नका.

विसरण्यामागे कधी कधी आणखी एक गोष्ट दडलेली असते. गोळी नकोशी असते. "आयुष्यभर घ्यायची" हे शब्द कानावर पडले की तिशी-चाळिशीतल्या बाईच्या मनात काहीतरी तुटतं. मग शेजारीण म्हणते सवय लागेल, कोणी म्हणतं अमुक रस प्या, सुटेल. तुमच्या बाबतीत असं असेलच असं नाही, पण असेल तर ते मान्य करण्यात कमीपणा नाही. या गोळीची सवय लागत नाही. ग्रंथी जे बनवायची तेच, कमी पडतं तेवढं, बाहेरून द्यायचं. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पहिल्यांदा असा उपचार केला. त्यांची पेशंट ४६ वर्षांची होती आणि आजार खूप वाढलेला होता. त्या काळी तिच्यासमोर दुसरा उपायच नव्हता. पुढे तो अर्क पोटातून घेत ती १९१९पर्यंत, वयाच्या ७४व्या वर्षापर्यंत जगली. तिच्या वाट्याला मेंढ्यांचा अर्क आला, आपल्याला मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली गोळी मिळते. आणि आपण एकटेही नाही. आपल्याच देशातल्या आठ शहरांत झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइड कमी असल्याचं दिसलं. तुमच्या स्टाफरूममध्ये विचारून बघा, आणखी दोघी तरी निघतील. एकमेकींना "घेतलीस का?" विचारणारी मैत्रीण मिळाली तर तिचा उपयोग अलार्मपेक्षा जास्त होतो. नवऱ्याने किंवा मुलांनी टोकण्यापेक्षा हे बरं, कारण घरच्यांच्या टोकण्याचं लवकरच भांडण होतं.

उपवासाला गोळी चालते का, हा श्रावणात हमखास येणारा प्रश्न. एकादशी, सोमवार, नवरात्र, कुठल्याही उपवासात गोळी आणि भांडंभर पाणी घ्यावं. हरतालिकेचा निर्जळी उपवास करायचाच असेल तर सूर्योदयापूर्वी घ्या. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनी सहरीच्या आधी अर्धा-पाऊण तास उठून, किंवा इफ्तारच्या जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घ्यावी.

गणपतीत गावी जाताना किंवा वारीला निघताना सात खणांची डबी सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. दोन-चार गोळ्या जास्तीच्या घ्या. आणि बाटलीत पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवी आणून ठेवा. सलग आठ-दहा दिवसांचा खंड पडतो तो बहुतेक वेळा बाटली संपल्यामुळेच. दुकानदार दुसऱ्या कंपनीची देऊ लागला तर शक्यतो नको म्हणा. नाइलाजाने बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. एक दिवस ७५ आणि एक दिवस १०० अशी आलटून-पालटून घ्यायला सांगितली असेल आणि गोंधळ होत असेल, तर ८८ची गोळी मिळते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

दोन प्रसंगांत मात्र थोडंही चालढकल करायची नाही. गरोदरपणात पहिले काही महिने बाळाचा मेंदू आईच्याच टी४वर अवलंबून असतो आणि आईची गरज २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. गोळी चालू असलेल्या मुलीची पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, की सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. डोस बहुधा लगेच वाढवावा लागतो. दुसरा प्रसंग, ऑपरेशन करून ग्रंथी पूर्ण काढलेल्यांचा. त्यांच्याकडे स्वतःचं काहीच उत्पादन नसतं, त्यामुळे काही आठवड्यांचा खंडही जड जातो. वयस्कर माणसाने महिनोन्महिने गोळी सोडली आणि वर न्यूमोनियासारखा संसर्ग झाला, तर शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून घरातल्या ज्येष्ठांची गोळी वारंवार राहत असेल, तर त्यांना पद्धती शिकवत बसू नका. डबी भरायचं आणि गोळी हातावर ठेवायचं काम घरातल्या एकाने स्वतःकडे घ्यावं. त्यांचं विसरणं नव्याने वाढलं असेल तर तेही तपासून घ्यावं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर फोन आजच करा, कोणता डोस घ्यायचा ते पक्कं करा आणि आज रात्रीपासून तांब्या-भांडं उशाशी ठेवा. सहा ते आठ आठवडे गोळी नीट घेऊन मग टीएसएच करा. रक्त सकाळीच, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी द्या आणि गोळी सोबत न्या, म्हणजे रक्त दिल्या दिल्या घेता येईल. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवा, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. किती गोळ्या राहिल्या ते रिपोर्टच्या पाकिटावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. एक राहिली असेल तर एक लिहा. मधल्या काळात विनाकारण धडधड, कंप किंवा झोप उडणं सुरू झालं, तर आठ आठवडे पूर्ण होण्याची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.